शिकवण्याचे दप्तर

अण्णा गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी त्यांची लोखंडी पेटी उघडली. वर नेहमीचेच कागद होते: एलआयसीच्या पावत्या, घरपट्टी, पेन्शनचा पत्रव्यवहार. तळाशी एक फाइल होती, तिच्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात ‘उद्बोधन वर्ग १९९१’ असे लिहिलेले. फाइलीत एक प्रमाणपत्र, एक समूहछायाचित्र, भोजनाची न वापरलेली तीन कूपने आणि सायक्लोस्टाइल केलेला एक तक्ता. तक्त्यात डावीकडे कौशल्यांची नावे होती. प्रस्तावना, प्रश्न विचारणे, फळ्याचा वापर, विद्यार्थ्यांना दाद देणे. उजवीकडे मिनिटामिनिटाचे चौकोन आणि त्यांत शिसपेन्सिलीने काढलेल्या उभ्या रेघा. दाद देण्याच्या ओळीत एकही रेघ नव्हती. खाली तिसऱ्याच कुणाच्या अक्षरात शेरा होता: ‘आवाज उत्तम. फळ्याकडे तोंड करून बोलतात. प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात.’

आमच्या तालुक्याच्या गावात अण्णांचे नाव शिक्षक म्हणून फार मोठे होते. अर्थशास्त्रासारखा विषय ते गोष्टीसारखा सांगत, अजूनही त्यांचे विद्यार्थी रस्त्यात थांबवून हेच सांगतात. त्यांच्या निवृत्तीच्या वेळी निघालेल्या स्मरणिकेत एकोणतीस लेख आहेत. त्या एकोणतीस लेखांत मिळून त्यांच्या शिकवण्याविषयी जेवढी नेमकी माहिती आहे, त्यापेक्षा जास्त या तीन वाक्यांत आहे, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

मी शिक्षणशास्त्राची विद्यार्थिनी नाही. बी.कॉम. होऊन बावीस वर्षे एका सहकारी बँकेत नोकरी केली, नंतर स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि जुन्या कागदांच्या नादी लागले. दप्तर कसे लावतात, काय ठेवतात, काय फाडतात, हे मला बँकेने शिकवले. त्यामुळे माझे पहिले कुतूहल दप्तरी स्वरूपाचेच होते. त्या वर्गात छायाचित्रात मोजून अडतीस प्राध्यापक आहेत. प्रत्येकाचा असा निदान एक तक्ता झाला असणार. मग बाकीचे सदतीस तक्ते कुठे आहेत?

ज्या विद्यापीठात तो वर्ग झाला तिथे मी गेले. त्या केंद्राचे नाव आता दुसऱ्यांदा बदलले आहे. पूर्वीचे अकॅडमिक स्टाफ कॉलेज २०१५च्या सुमारास मनुष्यबळ विकास केंद्र झाले आणि २०२३ पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र. प्रत्येक नामांतराबरोबर पाटी बदलते, शिक्के बदलतात आणि बहुधा कपाटेही हलतात. तिथल्या कर्मचाऱ्यांनी चहा दिला, आस्थेने ऐकून घेतले. तक्ते, अभिप्रायाचे कागद, पाठांची निरीक्षणे हे सगळे ‘ड’ वर्गातले, असे त्यांनी सांगितले. सरकारी दप्तराची अ, ब, क, ड ही प्रतवारी वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. ‘अ’ कायमचे जपायचे, ‘ड’ वर्षभराने नष्ट करायचे. नियमाप्रमाणेच सगळे झाले होते, तक्रार करायला जागा नव्हती.

एक गठ्ठा मात्र सापडला, प्रवासभत्त्याच्या व्हाउचरांचा. त्या वर्षीचा कुठलासा लेखापरीक्षणाचा आक्षेप निकाली निघाला नव्हता, म्हणून तो गठ्ठा कुणी फाडला नव्हता. त्यात अण्णांचे व्हाउचर होते. एस.टी.चे भाडे, रिक्षाचे भाडे, रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही. म्हणजे १९९१ साली माझे वडील त्या वर्गाला कसे गेले आणि किती खर्चून गेले हे आज सिद्ध करता येते, तिथे त्यांना काय सांगितले गेले हे करता येत नाही. मला पेशवे दफ्तरातल्या दक्षिणेच्या याद्या आठवल्या. कोणत्या विद्वानाला किती रुपये मिळाले हे रुमालांत बांधून ठेवलेले आहे. तो विद्वान पाठशाळेत बसून पोरांना समजावत कसा असे, ते शोधायला गेलात तर हात रिकामेच राहतील. हिशेबाचा कागद टिकतो, कारण त्याला कुणीतरी विचारणारा असतो.

अशी केंद्रे जगात आणखी कुठे आहेत आणि त्यांचे कागद कुणी ठेवले आहेत का, हे मग मी शोधू लागले. त्यातून मिशिगन विद्यापीठापाशी पोहोचले. अमेरिकेत अ‍ॅन आर्बर गावी १९६२ साली या विद्यापीठाने अध्ययन आणि अध्यापन संशोधनाचे एक केंद्र काढले. कॉलेजातल्या शिक्षकांना शिकवण्याच्या कामात मदत करणारे तिथले हे पहिले विद्यापीठीय केंद्र मानले जाते. पहिले संचालक स्टॅनफर्ड एरिक्सन हे मानसशास्त्रज्ञ होते. काळ समजून घेतला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकण्याची सोय झाली आणि कॉलेजे भरून वाहू लागली. १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडला, तेव्हा आपले शिक्षण कमी पडते की काय या शंकेने अमेरिकेला घेरले. पुढच्याच वर्षी शिक्षणावर केंद्राचा पैसा ओतणारा कायदा झाला. बी. एफ. स्किनर यांचे शिकवणारे यंत्र त्याच दशकातले. वर्गात मुले शेकड्यांनी बसलेली, शिकवणारे बहुतेक संशोधनासाठी नेमलेले आणि शिकवायचे कसे हे त्यांना कुणी कधी सांगितलेले नाही, अशी ती परिस्थिती होती. आपल्याकडच्या वाचकाला ती अनोळखी वाटू नये.

एरिक्सन यांनी ‘मेमो टु द फॅकल्टी’ नावाने छोटी पत्रके काढायला सुरुवात केली. व्याख्यान कसे बांधावे, परीक्षेतला प्रश्न कसा असावा, यांविषयी संशोधन काय सांगते ते साध्या भाषेत प्राध्यापकांच्या टेबलावर पोहोचवायचे. त्याच विद्यापीठात विल्बर्ट मॅकीची यांनी मानसशास्त्र शिकवणाऱ्या नवशिक्या सहायकांसाठी केलेली टिपणे १९५१मध्ये ‘टीचिंग टिप्स’ म्हणून पुस्तकरूपाने आली होती. पुढे त्या पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि जगभरच्या कॉलेजांत ते पोहोचले. मॅकीची २०१९मध्ये, नव्वदी बरीच ओलांडून वारले. आणखी एक गोष्ट इथे सांगण्याचा मोह आवरत नाही. व्हिएतनाम युद्धाविरुद्धचे पहिले ‘टीच-इन’ झाले तेही याच विद्यापीठात, २४ मार्च १९६५च्या रात्री. प्राध्यापक आणि विद्यार्थी रात्रभर वर्गांत बसून युद्धावर बोलत राहिले. शिकवणे म्हणजे काय याचा जाहीर वाद ज्या गावात इतका तापला, तिथेच त्याची शांतपणे नोंद ठेवणारे कार्यालयही होते.

या विद्यापीठाचे दप्तर बेंटले ऐतिहासिक ग्रंथालयात जपले जाते आणि केंद्राचे कागदही तिथेच जातात. मी अ‍ॅन आर्बरला गेलेले नाही, जाण्याची शक्यताही नाही. पण अशा संग्रहांच्या सूच्या दुरून वाचता येतात आणि सूची वाचणे हा एक स्वतंत्र अभ्यास आहे असे माझे मत झाले आहे. वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या अशा केंद्रांच्या सूच्या शेजारी ठेवून पाहिल्या की एक ठरलेला साचा दिसतो. वार्षिक अहवाल, संचालकांचा पत्रव्यवहार, पत्रके, कार्यशाळांची निमंत्रणे, अनुदानाचे अर्ज, समित्यांची इतिवृत्ते, थोडी छायाचित्रे, थोड्या फिती. त्यात केंद्राचा संसार दिसतो. ज्या कामासाठी तो मांडला, ते काम त्यात फार थोडे दिसते. हे विसराळूपणाने झालेले नाही. कारण समजून घ्यायचे तर ही केंद्रे काम कसे करतात ते पाहायला हवे.

अमेरिकेतल्या अनेक केंद्रांत एक पद्धत रूढ आहे. सत्राच्या मध्यावर एखादा प्राध्यापक स्वतःहून केंद्राला कळवतो की माझ्या वर्गात या. केंद्राचा माणूस येतो, थोडा वेळ तास पाहतो. मग प्राध्यापक वर्गाबाहेर जातात. विद्यार्थ्यांचे छोटे गट करून दोनच गोष्टी विचारल्या जातात: या तासांत तुम्हाला शिकायला मदत कशाने होते, आणि काय बदलले तर बरे होईल? गटांची उत्तरे सगळ्या वर्गापुढे वाचली जातात, कशावर एकमत आहे आणि कशावर नाही ते तिथेच ठरते. पुढच्या एकदोन दिवसांत केंद्राचा माणूस प्राध्यापकांशी बंद दाराआड बोलतो. बस्स. हे विभागप्रमुखांना कळत नाही, बढतीच्या फाइलीत जात नाही. सत्राच्या शेवटी घेतलेला अभिप्राय पुढच्या तुकडीच्या कामाचा. मध्यावर घेतलेला, ज्यांनी दिला त्यांच्याच उपयोगी पडतो.

हे सगळे ज्या भरवशावर चालते तो भरवसा म्हणजे गुप्तता. आपले कच्चे दुवे वरिष्ठांपर्यंत जाणार असतील तर कुठला शहाणा माणूस केंद्राचे दार ठोठावेल? म्हणून जो कागद सर्वांत खरा, तोच कपाटात ठेवायचा नाही असा शिरस्ता पडला. जे ठेवले जातात त्यांच्यावरही कुलूप असते. बेंटलेच्या नियमांत नोकरीविषयक व्यक्तिगत कागद तीस वर्षे आणि विद्यार्थ्यांचे शैक्षणिक कागद पंचाहत्तर वर्षे बंद राहतात. १९७४ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या खासगीपणाचा कायदा झाला, तेव्हापासून या बाबतीत विद्यापीठे फार सावध असतात.

उरला प्रश्न सत्राअखेर भरून घेतल्या जाणाऱ्या छापील अभिप्रायांचा. ते मात्र ढिगाने असतात. विद्यार्थ्यांकडून शिक्षकांचे मूल्यमापन करून घेण्याची पट्टी पर्ड्यू विद्यापीठात १९२०च्या दशकातच तयार झाली होती. पण त्या आकड्यांवर किती विसंबायचे? १९७०मध्ये अमेरिकेतल्या तीन अभ्यासकांनी एका नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ असे नाव देऊन वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या तज्ज्ञांसमोर उभे केले. विषय होता वैद्यकीय शिक्षणातील गणिती क्रीडासिद्धान्त. बोलण्यात विसंगती, शब्दांचे बुडबुडे आणि विनोद भरपूर, आशय शून्य. श्रोत्यांनी खुशीत येऊन चांगले अभिप्राय लिहिले. हा प्रयोग १९७३ साली छापून आला आणि त्यावर पुष्कळ वाद झाले. त्यातून सगळेच अभिप्राय खोटे ठरत नाहीत. पण ‘आवाज उत्तम’ एवढाच शेरा अण्णांना मिळाला असता, तर त्याचे मोल मी कमी धरले असते.

आता अण्णांच्या तक्त्याकडे परत येते, कारण त्याचे गोत्र मला याच शोधात सापडले. १९६३ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्म अध्यापनाची पद्धत बसवली. छोटा पाठ, मोजके विद्यार्थी, एकाच कौशल्याचा सराव. पाठाचे व्हिडिओ चित्रण करायचे, शिकवणाऱ्याला ते लगेच दाखवायचे आणि तोच पाठ पुन्हा घ्यायला लावायचा. अ‍ॅलन पुढे मॅसेच्युसेट्स विद्यापीठात गेले. तिथे १९७२ साली विद्यापीठातल्या शिकवण्याची सुधारणा करणारे ‘क्लिनिक’ सुरू झाले. मुलाखत, तासाचे निरीक्षण, चित्रण, विद्यार्थ्यांची प्रश्नावली, मग सल्ला. डॉक्टरकडे जावे तसे प्राध्यापकाने यावे ही कल्पना.

सूक्ष्म अध्यापन भारतात आले ते साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि पुढच्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययन केंद्राने त्यावर बरेच काम केले. बी. के. पासी यांचे या विषयावरचे पुस्तक १९७६मध्ये निघाले. पण व्हिडिओ कॅमेरा आपल्या अध्यापक महाविद्यालयांना कुठून परवडणार? मग आपल्याकडे त्याचे देशी रूप झाले. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे फेरनियोजन, सहा मिनिटे पुन्हा पाठ, सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण, एकूण छत्तीस मिनिटे. शाळेतली खरी मुले आणायची नाहीत, बरोबरचे शिक्षकच विद्यार्थी होतात. आणि कॅमेऱ्याच्या जागी पेन्सिल घेतलेला निरीक्षक. दर मिनिटाला त्याने रेघा मारायच्या. बी.एड. झालेल्या वाचकांना हे तोंडपाठ असेल, कदाचित हसूही येईल. अण्णांच्या पेटीतला तक्ता हा त्या महागड्या यंत्राऐवजी आलेला कागद होता. माझ्या मते ही अडचणीतून निघालेली वाट काही बाबतींत मूळ पद्धतीपेक्षा बरी ठरली. स्टॅनफर्डच्या काळातल्या चुंबकीय फितींना बुरशी धरते, त्यांचा लेप सुटतो, त्या चालवणारी यंत्रे आता मिळत नाहीत. सायक्लोस्टाइलचा कागद पिवळा पडला, तरी वाचता येतो. पेटीत ठेवला असेल तर.

कॉलेजांतल्या शिक्षकांसाठी आपल्याकडे अशी कायमची व्यवस्था असावी ही कल्पना कोठारी आयोगाची (१९६४–६६). नव्या अधिव्याख्यात्यांना शिकवण्याची दिशा मिळावी आणि मोठ्या विद्यापीठांत त्यासाठी ‘स्टाफ कॉलेज’ असावे, असे आयोगाने म्हटले. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. आयोगाच्या अहवालावर त्यांची छाप किती आहे हे जाणकार सांगतातच. प्रत्यक्षात यायला मात्र वीस वर्षे गेली. १९८६चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि १९८७पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडमिक स्टाफ कॉलेजे काढली. उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग हे शब्द तेव्हा प्राध्यापकांच्या घराघरांत शिरले. वेतनश्रेणीच्या अटीत ते बसवले होते, त्यामुळे माणसे आली. पण कशी आली? अण्णा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. आई सांगते, जाण्याच्या आदल्या रात्री ते जेवले नाहीत. ‘आता मला शिकवायला शिकवणार,’ एवढेच म्हणाले.

मिशिगन आणि आपण यांच्यात मला दिसलेला मुख्य फरक पैशाचा नाही. तिथे माणूस स्वतःहून येतो आणि त्याची गोष्ट गुप्त राहते. इथे माणूस अटीने येतो आणि प्रमाणपत्र घेऊन जातो. प्रमाणपत्राची नोंद ‘अ’ वर्गात, निरीक्षणाची ‘ड’ वर्गात. १९९४ साली नॅक आल्यावर अभिप्रायाचे कागद जपायची सवय कॉलेजांना लागली हे खरे, पण मी त्यातले काही गठ्ठे पाहिले आहेत. कुणाला तरी दाखवण्यासाठी भरलेल्या कागदाचा गुळगुळीतपणा बँकेतल्या माणसाला बोटांनी कळतो. आता तर सगळे गुगल फॉर्मवर असते. ते खाते ज्या प्राध्यापकाच्या नावावर आहे, तो निवृत्त झाला की संपले.

हा लेख लिहिण्याआधी मी दादाला तक्ता छापण्याविषयी विचारले. तो भडकला. ‘अण्णांनी जे आयुष्यभर कुणाला दाखवले नाही ते तू दिवाळी अंकात देणार?’ त्याचे म्हणणे मला उडवून लावता आले नाही. वर गुप्ततेची बाजू मीच मांडली आहे. तीस वर्षांचा हिशेब लावला तर अण्णांचा कागद २०२१मध्येच खुला झाला, असे मी त्याला सांगितले. त्यावर तो म्हणाला, की तो नियम परक्यांच्या कागदांचा. शेवटी आमची तडजोड झाली: शेरा द्यायचा, अण्णांचे नाव आणि गाव द्यायचे नाही. शिवाय अण्णांनी तो कागद फाडला नव्हता, ही गोष्ट मी माझ्या बाजूची मानते. त्या फाइलीतून त्यांनी पुष्कळ काही काढून टाकले असावे, कारण चार आठवड्यांच्या वर्गाचे एवढेच कागद नसतात. हा ठेवला.

तो वाचून ते बदलले का? मी त्यांच्या दोन प्रकारच्या विद्यार्थ्यांना विचारले, १९९१ आधीच्या आणि नंतरच्या. आधीच्यांपैकी तिघांनी फळ्याकडे तोंड करून बोलण्याची नक्कल करून दाखवली. नंतरच्यांपैकी दोघांना एक सवय आठवत होती. सर प्रश्न विचारत आणि मग खिडकीजवळ जाऊन बाहेर बघत उभे राहत, कुणी बोलेपर्यंत. पाच साक्षी म्हणजे पुरावा नव्हे हे मला कळते, पण खिडकीची गोष्ट दोघांनी वेगवेगळ्या गावांत, एकमेकांना न विचारता सांगितली.

गेल्या दोन वर्षांत मी छायाचित्रातल्या अडतीस जणांपैकी अकरा जणांपर्यंत, किंवा त्यांच्या घरच्यांपर्यंत पोहोचले. चार तक्ते मिळाले. एका निवृत्त बाईंनी तक्ता द्यायला नकार दिला, पण माझ्यासमोर तो वाचून दाखवला आणि परत कपाटात ठेवला. ती नोंद मी तारखेसह केली आहे, मजकूर लिहिलेला नाही. एका गृहस्थांच्या सुनेने व्हीएचएसची कॅसेट पाठवली. त्या वर्गात एक दिवस कॅमेरा आणला होता म्हणे. पुण्यात जुनी यंत्रे दुरुस्त करणाऱ्या एकाकडे ती नेली. त्याने बुरशी पुसली, फीत दुसऱ्या डब्यात चढवली आणि चार वेळा प्रयत्न केला. सुमारे चाळीस सेकंदांचे चित्र मिळाले, आवाज नाही. एक माणूस फळ्यावर लिहितो आहे, पाठमोरा. शर्टावरून ते अण्णा नाहीत असे आई म्हणते, दादा म्हणतो आहेत. कॅसेट पुन्हा चालवायची नाही, असे त्या दुरुस्तीवाल्याने बजावले आहे. ती आणि चारही तक्ते आता पेटीत आहेत. यादी दोन प्रतींत केली आहे आणि दुसरी प्रत दादाकडे आहे.